आत्यांचा मणका आणि पळसदेवचं पाणी

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वरकुट्याच्या आमच्या घरात गोठा, डाळिंबाची बाग आणि माणसं, तिन्हींचा कारभार त्यांच्या हातात असतो. मी इंदापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते, नवरा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जातो. आम्ही दोघं सकाळी गाड्या काढून निघतो ते दिवस कलताना घरी येतो. मधल्या वेळात आत्या काय उचलतात, काय ओढतात, कुठं वाकतात, हे आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. दुखतंय असं त्या म्हणायच्या नाहीत. फार तर भिंतीला पाठ लावून बसायच्या आणि कुणी बघितलं की उठायच्या.

मला कळलं ते गोठ्यात. एका सकाळी चहा घेऊन गेले तर आत्या काळ्या गाईच्या पाठीवर दोन्ही हात टाकून, डोकं टेकून उभ्या होत्या. लाड चाललेत असं वाटलं.

"आत्या, चहा."

"ठेव तितं."

"गार होईल की."

त्यांनी मान वळवली नाही. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मला सरळ हुता येईना झालंय, बाय. हिला धरून उभी हाय. ही हलली तर मी पडंल."

गाय हलत नव्हती. धार काढून झाली होती, पेंड समोर होती, तिला वासही येत असणार. पण ती चारी पाय रोवून उभी होती आणि फक्त कान हलवत होती. मी नवऱ्याला हाक मारली आणि आम्ही दोघांनी आत्यांना काखेत धरून खाटेवर नेलं. त्यांचा भार निघाला तेव्हा कुठं गाईनं पेंडीत तोंड घातलं. जनावराला काय कळतं आणि काय नाही, याबद्दल त्या दिवसापासून मी वर्गात जपून बोलते.

मग उपाय सुरू झाले. विटेचा शेक झाला, कंबरेचा पट्टा झाला, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. निरवांगीला एक जण तेल लावून पाठ चोळतात, त्यांच्याकडं नेलं. चोळल्यावर आत्यांना झोप छान लागली, दोन-तीन दिवस बरं वाटलं, पुन्हा होतं तसंच. पुढं डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या यायला लागल्या. मुंग्या आल्या म्हटल्यावर नवऱ्यानं रजा टाकली आणि आम्ही आत्यांना बारामतीला घेऊन गेलो.

डॉक्टरांनी तपासून एमआरआय काढायला सांगितलं. आत्यांनी बांगड्या, कुड्या, गळ्यातली माळ काढून माझ्या ओंजळीत दिलं आणि त्या आत गेल्या. बराच वेळ ठोकल्यासारखे, घरघरल्यासारखे आवाज येत होते. बाहेर आल्या त्या कानात बोट फिरवत.

"मळणीयंत्रात डोकं घातल्यागत वाटलं," म्हणाल्या. "पर हललं न्हाय मी. हलू नगा म्हणली ना ती पोरगी."

डॉक्टरांनी तो फोटो उजेडाच्या पाटीवर लावला आणि मी बघतच राहिले. दर वर्षी मी फळ्यावर पाठीचा कणा काढते. सारखे सारखे चौकोन, मध्ये सारखी फट. मुलं वहीत उतरवून घेतात, पट्टीनं रेघा मारतात. इथं तसलं काही नव्हतं. खालून वर जाणारी एक बाकदार वाट होती, उसाच्या कांड्यांसारखी पेरं होती, आणि प्रत्येक दोन पेरांच्या मधे उजळ, ओलसर दिसणारी एक एक चकती. मधून नसांचा जुडगा खाली उतरत गेलेला. हे सगळं त्या लुगड्याच्या आत इतकी वर्षं होतं. याच्यावर त्यांनी हंडे वाहिले होते, वैरणीचे भारे वाहिले होते. याच कण्याला टेकून माझा नवरा नऊ महिने वाढला होता, आणि तो आता माझ्या शेजारी उभा राहून फोटो बघत होता. त्यालाही तेच सुचलं असावं.

"मणक्यांच्या मधे अशी गादी असते," डॉक्टर आत्यांना म्हणाले. "वरच्या बघा, उजळ दिसतायत. म्हणजे त्यांच्यात पाणी आहे. खालच्या दोन काळ्या पडल्यात. त्या वाळल्यात, चपटल्यात. आणि ही शेवटची जरा मागं सरकून नसेला टेकलीय. म्हणून पायात मुंग्या."

आत्यांनी फोटोकडं बघितलं. "म्हंजी पाणी आटलं."

"हो, तसंच. वयानं सगळ्यांचंच थोडंफार आटतं, मावशी. माझाही फोटो काढला तर एखादी काळी निघेल. सगळ्यांना दुखतंच असं नाही. म्हणून मी नुसता फोटो बघून काही ठरवत नाही."

मग त्यांनी आत्यांना टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, पावलानं हात ढकलायला लावला. झाल्यावर खुर्चीत बसून तीन वाटा सांगितल्या. एक, व्यायाम आणि गरजेपुरत्या गोळ्या. याला वेळ लागतो, आणि रोज करावा लागतो. दुसरी, नसेजवळ इंजेक्शन. त्यानं आराम पडतो, पण तो किती टिकेल हे सांगता येत नाही. तिसरी, ऑपरेशन.

"आपरेशन केलं तर दुखायचं थांबल का?" आत्यांनी विचारलं.

"पायातलं बहुतेक थांबेल. कंबरेचं थांबेलच, असा शब्द मी देऊ शकत नाही."

"आन् न्हाय केलं तर मी लुळी हुईन का?"

"आज तरी तसं दिसत नाही. पायात जोर आहे, लघवीवर ताबा आहे. पण पाऊल उचलेनासं झालं, मांड्यांच्या मधे बधिर वाटलं, लघवी कळेनाशी झाली, तर मात्र त्याच दिवशी यायचं. घरी विचार करत बसायचं नाही."

आत्यांनी मान डोलावली. इतकं सरळ विचारलेलं आणि इतकं सरळ उत्तर मिळालेलं मी दवाखान्यात आधी कधी ऐकलं नव्हतं.

नवऱ्याला ऑपरेशन हवं होतं. त्याच्या कंपनीतला एक जण ऑपरेशन करून परत मशीनवर उभा राहिला होता, तो याच्या डोळ्यासमोर होता. आम्ही पुण्यालाही एका डॉक्टरांना फोटो दाखवला. ते म्हणाले, ऑपरेशन करायला हरकत नाही, माझा कल तिकडंच आहे. झालं, घरात दोन पक्ष पडले. शेजारपाजारचे, पाहुणे, जो येईल तो पाठीची गोष्ट सांगायचा. कुणाच्या साडूला स्क्रू टाकले आणि तो पळायला लागला, कुणाच्या चुलतीचं उलट झालं. कुणी काढा आणला, कुणी वाळूची पोटली. आत्या भिंतीला टेकून सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. चहा द्यायला सांगायच्या.

एका रविवारी सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "झाल्या का सगळ्यांच्या पाठी सांगून? आता माझी मी बघते."

"म्हणजे काय आई?" नवरा म्हणाला.

"कापायचं तर कवाबी कापता येतंय. आधी ती पोरगी काय शिकवती ते करून बघू. डाक्तरनं सांगितलेल्या खुणा माज्या ध्यानात हायत. त्यातली एक जरी दिसली तर तुला हाक मारीन, तवा घेऊन जा आन् काय ते कर. पर तवर मला घाई करू नगा."

त्यांच्या आवाजात भीती नव्हती, हट्टही नव्हता. बागेत यंदा कुठल्या ओळीला पाणी सोडायचं हे ठरवावं तसं त्यांनी ठरवलं. मला वाटतं, नवरा त्या आवाजापुढं नमला.

"ती पोरगी" म्हणजे दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट. वयानं माझ्या विद्यार्थिनींपेक्षा थोडीच मोठी. तिनं आत्यांना सतरंजीवर झोपून करायचे व्यायाम दाखवले, उठताना कुशीवर वळून हातावर उठायचं शिकवलं, बादली उचलायची बंदी केली. दुधाच्या बादल्या माझ्याकडं आणि नवऱ्याकडं आल्या, दोन गाई चुलत दिरांकडं गेल्या. काळी राहिली. काही आठवड्यांनी तिनं सांगितलं, "पाण्यात चाललात तर फार फायदा होईल. कंबरेवर भार येत नाही. इथं तलाव आहे, बायकांची वेगळी वेळ असते."

आम्ही तलावावर गेलो. दारातल्या बाईंनी पोहण्याचा पोशाख लागेल म्हणून सांगितलं आणि कोपऱ्यात टांगलेला एक नमुना दाखवला. आत्यांनी तो हातात घेऊन ताणून बघितला, सोडला, पुन्हा ताणून बघितला.

"एवढ्यात काय मावतंय?" म्हणाल्या. त्या बाईसुद्धा हसायला लागल्या. परत निघताना आत्या गाडीत म्हणाल्या, "पाणीच पायजे ना? मग पळसदेवला काय कमी हाय?"

पळसदेव त्यांचं माहेर. धाकटा भाऊ, आमचे मामा, तिथं असतात. त्यांचं रान उजनीच्या पाण्याला लागून आहे. आम्ही गेलो तेव्हा धरण भरलेलं होतं. उसाची शेवटची सरी संपली की लगेच पाणी, आणि पाण्याच्या कडेला एकाशेजारी एक मोटारींचे पाइप आत उतरलेले. पलीकडचा काठ दिसत होता पण पुसट. मासेमारीच्या होड्या लांबवर टिपक्यांसारख्या.

मामांनी ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब आणली होती, तिला दोर बांधला होता, त्याचं एक टोक आत्यांच्या काखेतून अडकवलं होतं आणि दुसरं स्वतः धरलं होतं. "आक्का, कंबरभर पाण्याच्या पुढं जायचं न्हाय," त्यांनी बजावलं. आत्यांनी लुगड्याचा कासोटा घट्ट मारला, पदर खोचला आणि एका हातानं मला, एका हातानं ट्यूबला धरून त्या पाण्यात उतरल्या. तळाला चिखल होता, पाय घसरत होते. मला पोहता येत नाही, माझं सगळं लक्ष त्यांच्या पायांकडं होतं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मांड्यांपर्यंत आलं, कंबर बुडाली. आणि आत्या थांबल्या.

"काय झालं? दुखतंय?"

"गेलं," त्या म्हणाल्या.

"काय गेलं?"

"वजन."

मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. कितीतरी महिने त्यांच्या भुवयांच्या मधे एक आठी होती. ती आठी त्यांच्या चेहऱ्याचाच भाग आहे असं मी धरून चालले होते. ती तिथं नव्हती. पाण्यात वस्तू हलकी होते हे मी दर वर्षी शिकवते, स्प्रिंगच्या काट्याला दगड टांगून बादलीत बुडवून दाखवते. काटा वर सरकतो, मुलं टाळ्या वाजवतात. माणसाच्या चेहऱ्यावर तो काटा सरकताना मी पहिल्यांदा पाहिला.

आम्ही काठाकाठानं चाललो, पुढं, मागं. मग आत्यांनी माझा हात सोडला. मला वाटलं पदर सावरतायत. त्या पुढं झुकल्या, आणि पाण्यात शिरल्या.

मी ओरडले. नवरा काठावरून चपलांसकट पाण्यात आला. मामांनी मात्र दोर ढिला सोडला आणि म्हणाले, "राहू द्या. राहू द्या. बघा."

आत्या पोहत होत्या. पाणी न उडवता, आवाज न करता, डोकं वर धरून, हात पाण्याखालून फिरवत. ट्यूब त्यांच्या मागून उगाच ओढली जात होती. ज्यांना मोरीत वाकता येत नव्हतं, त्यांची पाठ पाण्यात वळत होती, सरळ होत होती, परत वळत होती. लुगड्याचं हिरवं कापड फुग्यासारखं पसरलं होतं. माझा नवरा मांडीभर पाण्यात उभा होता, त्याचा मोबाइल खिशात भिजत होता आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती.

"मामा, आईला पोहता येतं?"

"तुला ठावं न्हाय व्हय?" मामा म्हणाले. "आरं, धरनाचं नवीन पानी आलं तवा आमच्या आबांनी, तुज्या आज्यानं, हितं पयली मोटार बसवली. पाइपाच्या तोंडाचा फुटव्हॉल्व्ह शेवाळानं चोंदला की मोटार पानी धरायची न्हाय. मग आक्काच बुडी मारायची. मी ल्हान हुतो, मी दोर धरून काठाला बसायचो. लगीन झालं, वरकुट्याला गेली, तितं कुठं पवणार? हिरीत सून पवती का कधी?"

आत्या लांब जाऊन उताण्या झाल्या. नुसत्या पडून राहिल्या, हात पसरून, आभाळाकडं तोंड करून. वरून बगळ्यांची एक ओळ गेली. खरं सांगायचं तर मला तेव्हा भीतीही वाटत होती आणि त्यांनी इतक्यात परत येऊच नये असंही वाटत होतं.

परत आल्या तेव्हा दम लागला होता, पण ओठ हसत होते. काठावर बसून केस पिळताना त्यांनी पाण्याकडं बोट केलं.

"ती त्या टोकाची बाभळ दिसती का? तिच्या आन् त्या विजंच्या खांबाच्या मधी आमची आळी हुती. धरण झालं, गाव उठलं, पानी आलं. एका दिवसात न्हाय आलं. आज एक पायरी, उद्या दुसरी. आमी दारं, तुळया सगळं काढून वर आनलं. चूल मातर ऱ्हायली, ती कशी आननार? आता तिच्याच वरनं पवत आले मी."

नवरा त्यांच्या शेजारी चिखलात बसला. त्यानं ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. मी पाण्याकडं बघत होते. वरून ते नेहमीचंच होतं, करडं, शांत. त्याच्या खाली गल्ली होती, उंबरे होते, आणि वरून एक बाई आपल्या लहानपणावरून पोहून आली होती, डॉक्टरांनी कंबरेला व्यायाम सांगितला म्हणून.

त्या हिवाळ्यात आम्ही बहुतेक रविवारी पळसदेवला गेलो. फिजिओथेरपिस्टला सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली, मग तिनं अटी घातल्या. एकट्यानं उतरायचं नाही, पाणी तोंडात घ्यायचं नाही, घरी येऊन स्वच्छ पाण्यानं अंघोळ, आणि सतरंजीवरचे व्यायाम चुकवायचे नाहीत. आत्यांनी सगळ्या अटी पाळल्या. शेवटची सगळ्यात नाखुशीनं.

सगळं सरळ झालं असं मात्र नाही. संक्रांतीच्या आसपास काळी व्यायली, वासरू आडवं पडलेलं बघून आत्यांनी ते एकट्यानं उचललं. संध्याकाळी त्या खाटेला खिळल्या. कुशीवर वळतानासुद्धा दातांवर दात दाबायच्या. पायाची आग होत होती. नवरा म्हणाला, "आता बास झालं आई, आता ऑपरेशन." मलाही त्या वेळी तसंच वाटलं होतं. आत्या स्वतःच पाऊल वरखाली करून बघत होत्या, मांडीवर बोट फिरवून बघत होत्या.

"पाऊल उचलतंय," म्हणाल्या. "बधिर न्हाय. डाक्तरकडं जाऊ. त्यांना इचारू."

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, ताकद आहे म्हणाले, आणि या वेळी इंजेक्शनचा सल्ला दिला. आत्या लगेच तयार झाल्या. मला आश्चर्य वाटलं, कारण मी त्यांना इंजेक्शनच्या विरुद्ध समजत होते. त्या कशाच्याच विरुद्ध नव्हत्या. त्यांना प्रत्येक गोष्ट तिच्या वेळेला हवी होती, एवढंच. इंजेक्शननंतर पाय निवत गेला. थोड्या दिवसांनी त्या परत सतरंजीवर आडव्या होऊन गुडघे छातीशी घ्यायला लागल्या आणि वासरू त्यांची वेणी चाटायला लागलं.

उन्हाळ्यात पाणी हटलं. मामा दर आठवड्याला मोटार पुढं सरकवत होते, पाइपाला पाइप जोडत होते. पोहायला जागा उरली नाही, नुसता चिखल, मग चिखलही वाळून त्याला भेगा पडल्या. मे महिन्यात मामांचा फोन आला. "आक्काला घेऊन या. जुन्या गावातलं देऊळ उघडं पडलंय. चालत जाता येतंय."

आम्ही सकाळी लवकर पोचलो. जिथं पाणी होतं तिथं आता भेगाळलेली जमीन लांबवर पसरली होती, पांढऱ्या शिंपल्या पायाखाली मोडत होत्या. दूर देवळाचं शिखर उभं होतं. मी छत्री उघडून आत्यांचा हात धरायला गेले तर त्या पुढं निघून गेल्या होत्या. काठी नाही, पट्टा नाही. फिजिओथेरपिस्टनं सांगितल्यासारखं, दमलं की थांबायचं, पाठ ताणायची, पुढं चालायचं. वाटेत दगडांची एक ओळ लागली, गुडघ्यापेक्षाही खाली. त्या तिथं उभ्या राहिल्या.

"हे आमचं जोतं," म्हणाल्या. "हितं उंबरा. ये, आत ये."

मी खरोखर चप्पल काढली. त्यांनी मला सोपा दाखवला, माजघर दाखवलं, चुलीची जागा दाखवली. तिथं गाळ होता आणि एक पालवी फुटलेलं झुडूप. मामा आणि माझा नवरा उंबऱ्याच्या बाहेरच थांबले होते. आत्या डोळ्यांत पाणी आणतील असं मला वाटत होतं. त्या आतून बाहेर, बाहेरून आत फिरत होत्या, मापं घेतल्यासारख्या. "केवढंसं हुतं गं घर," एवढंच म्हणाल्या, आणि हसल्या.

देवळात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. आत गार होतं. खांबांवर पाण्याच्या रेघा होत्या, एकीवर एक, आणि मूर्तींच्या चेहऱ्यांवर वाळलेल्या गाळाचा पातळ थर. कित्येक महिने इथं मासे फिरले होते. आत्यांनी मंडपातला फरशीचा एक तुकडा पदरानं झाडला.

"लई चालले," म्हणाल्या. "डाक्तरनं सांगितलंय, दमलं की सपाट पडायचं."

आणि त्या तिथंच, त्या दगडावर, कुशीवर वळून, हातावर भार देत, सावकाश उताण्या झाल्या. गुडघे उभे, तळवे जमिनीला. डोळे उघडे होते.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय की. थोडं हाय. सकाळी रोज असतंय," त्या म्हणाल्या. "तू पन पड. वर बघ."

मी त्यांच्या शेजारी आडवी झाले. दगडाचा गारवा पाठीत शिरला, एकेका मणक्यातून. वर छतावर दगडात कोरलेलं एक फूल होतं, पाकळीला पाकळी, आणि मधल्या खोबणीत एक छोटा शिंपला अडकून बसला होता. आम्ही दोघी कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत होतो. बाहेरून मामा हाका मारत होते, ऊन वाढतंय म्हणत होते. आत्यांनी एक गुडघा छातीशी घेतला. मीही घेतला.